वाचायची सक्ती चालेल, आवडायची नको

शाळेत लावलेल्या क्लासिक कादंबऱ्यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, मेलव्हिलच्या मॉबी डिकनं माझं वाचनच मारलं, त्यानंतर कित्येक वर्षं मी पुस्तकाला हात लावला नाही. दुसरा म्हणतो, अरे तुला ती कळलीच नाही, परत वाच. पहिला म्हणतो, मग कळेल अशी लिहायला काय झालं होतं? दुसरा सुस्कारा टाकून हल्लीच्या पिढीवर घसरतो. मग तेच ते, फिट्झजेराल्डची गॅट्सबी म्हणजे श्रीमंतांचं रडगाणं, हॉथॉर्न म्हणजे झोपेची गोळी, आणि त्याला उत्तर म्हणून मानवी मनाचा तळ वगैरे वगैरे. मला या वादाचा कंटाळा आलाय असं नाही, उलट मी त्यात हमखास तोंड घालतो, पण तो फार वाईट लढला जातो असं मला ठाम वाटतं, कारण दोन्हीकडचे लोक पुस्तकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून बसलेत. चांगलं का वाईट, ठेवायचं का काढायचं. गुन्हा घडलाय भलतीकडेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कादंबरी लावा, सगळ्या वर्गाला एकच लावा, जुनी आणि थोडी जड असली तरी लावा, आणि ती खरंच वाचायला लावा. पण ती आवडलीच पाहिजे ही जी कुठंही न लिहिलेली अट आहे ना, ती काढा. आवडली नाही हे उत्तरपत्रिकेत लिहायची मुभा द्या, आणि त्या न आवडण्याला मार्क द्या. फुकट नाही, पुरावा मागून.

हे मी का म्हणतोय ते सांगतो. नववीत आम्हाला डिकन्सची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स होती. लोहाराकडे वाढलेला पिप, त्याला अचानक कुणाचा तरी पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन साहेब होतो आणि ज्यानं त्याला जीव लावला त्या जो नावाच्या लोहाराचीच त्याला लाज वाटायला लागते. परीक्षेत प्रश्न आला, पिपचं स्वभावचित्र रेखाटा. गाईडमधलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, पिप संवेदनशील आहे, महत्त्वाकांक्षी आहे, प्रेमळ आहे, प्रत्येक विशेषणाखाली एक प्रसंग. मी त्या दिवशी का कोण जाणे मनातलं लिहिलं, की पिप कृतघ्न आहे, मला तो अजिबात आवडला नाही, जो भेटायला येतोय म्हटल्यावर हा मनात वैतागतो, असल्या माणसाची गोष्ट मी का वाचायची. दहापैकी दोन मिळाले आणि बाजूला लाल शाईत शेरा, ‘नायकाबद्दल असे लिहू नये’. ती वही बरीच वर्षं माझ्याकडे होती.

गंमत पुढं आहे. खूप वर्षांनी मी अख्खी कादंबरी वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जे लिहिलं होतं तेच तर पुस्तकात लिहिलंय! ती गोष्ट सांगतो कोण? मोठा झालेला पिप, स्वतःच. आणि तो स्वतःला एका ओळीचीही सूट देत नाही. सत्ताविसाव्या प्रकरणात जो भेटायला येणार असं कळल्यावर तो सरळ कबूल करतो की पैसे देऊन त्याला लांब ठेवता आलं असतं तर मी नक्की पैसे दिले असते. म्हणजे पिपबद्दल पिपचं मत आणि पिपबद्दल माझं मत एकच होतं, आणि मला दोन मार्क मिळाले. डिकन्स त्या परीक्षेला बसता तर त्यालाही दोनच मिळाले असते. इथं पुस्तक नावडतं असण्याचा संबंधच कुठं आला? मी ते वाचलं होतं, माझ्या अंगाला ते लागलं होतं, मला राग आला होता. शाळेनं तो राग चूक ठरवला आणि सगळ्या वर्गाला काय शिकवलं, तर पुस्तकाबद्दल खरं बोलणं महागात पडतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ, सक्ती केली की गोडी जाते. हे खरं आहे, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. आणि हे म्हणणं आजचंही नाही. ख्रिस्ती धर्माचार्य संत ऑगस्टीननं 400 सालच्या सुमारास आपल्या कबुलीजबाबात हेच लिहून ठेवलंय. लहानपणी त्याला ग्रीक महाकवी होमर शिकवला, ग्रीक येत नव्हतं, धमक्या आणि शिक्षा चालू होत्या, आणि इतक्या गोड गोष्टी सांगणारा होमर त्याला कडू लागला. त्याचं निरीक्षण असं की भाषा शिकायला धाकापेक्षा मोकळं कुतूहल जास्त उपयोगी पडतं. पुढं तो असंही म्हणतो की ग्रीक मुलांना असाच जबरदस्तीनं लॅटिनमधला व्हर्जिल शिकवला तर त्यांनाही तो असाच लागत असेल. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि तक्रार अगदी कालच्या उत्तरपत्रिकेतली वाटते.

पण त्याचंच पुढं वाचा. व्हर्जिलही त्याला शाळेतच शिकवला होता. त्याच्या महाकाव्यातल्या एनियसची भटकंती पाठ करायला लावली होती, म्हणजे सक्ती तिथंही होतीच, मास्तरही त्याच जातकुळीचे. आणि तिथं हा पोरगा एनियसच्या प्रेमात जीव देणाऱ्या डिडो राणीच्या मरणावर रडला. आपली पापं सोडून डिडोसाठी रडलो याची मोठेपणी त्याला खंत वाटली, तो वेगळा विषय. मुद्दा हा की सक्ती दोन्हीकडे होती आणि एक पुस्तक कडू झालं, एक काळजाला भिडलं. फरक कशाचा होता? लॅटिन त्याला घरात, माणसांच्या बोलण्यातून आली होती, ग्रीक छडीनं. म्हणजे दोष नुसत्या सक्तीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, पुस्तकापर्यंत न्यायला कुणी हात धरला होता का, हेही विचारावं लागतं. सक्ती तर पाढ्यांचीही असते, पोहण्याचीही असते, पहिल्या दिवशी पाण्यात कोण हसत उतरतं?

डॅनिएल पेनॅक या फ्रेंच लेखकानं 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यातला पहिलाच हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. तो स्वतः शाळेत शिकवायचा त्यामुळे त्याचं म्हणणं हवेतलं नाही. पानं गाळण्याचा हक्क मला शंभर टक्के मान्य आहे. मॉबी डिकमधलं देवमाशांचं वर्गीकरण करणारं बत्तिसावं प्रकरण गाळलं तर बोट बुडत नाही, आणि हॉथॉर्नच्या द स्कार्लेट लेटरच्या सुरुवातीचं ते कस्टम हाउसवरचं लांबच लांब प्रकरण पंधरा वर्षांच्या मुलांना पहिल्याच दिवशी देणाऱ्यानं मुलांशी काय वैर धरलंय हे मला अजून कळलेलं नाही. पण न वाचण्याचा हक्क? तो बजावायला शाळा लागत नाही हो. ज्या घरात पुस्तकं नाहीत तिथलं पोर तो हक्क जन्मापासून बजावतंय. ज्याच्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत त्याला डिकन्स आज ना उद्या भेटेल, कुणी ना कुणी हातात ठेवेल. दुसऱ्याला तो एकाच ठिकाणी भेटू शकतो, वर्गात. ‘मुलांना आवडेल ते वाचू द्या’ हे ऐकायला फार प्रेमळ वाटतं, पण आवडेल ते म्हणजे बहुतेक वेळा माहीत आहे तेवढंच, आणि माहीत किती आहे हे घर ठरवतं.

आणि अजून एक गोष्ट, जी या सगळ्या वादात कुणी बोलतच नाही. भांडायला सामाईक पुस्तक लागतं! चाळीस मुलांनी चाळीस पुस्तकं वाचली तर प्रत्येकजण आपापलं कसं छान होतं ते सांगणार, बाकीचे एकोणचाळीस माना डोलावणार आणि बेल होणार. मतभेद व्हायला एकच गॅट्सबी चाळीस जणांनी वाचलेला असावा लागतो, मग एकाला तो प्रेमवेडा वाटतो, एकाला दारूचा काळाबाजारवाला, आणि दोघांना तीच पानं उघडून एकमेकांना दाखवता येतात. शाळेतल्या कादंबऱ्यांबद्दल लोक चाळिशीतही तावातावानं का भांडतात? कारण ती बहुधा शेवटची पुस्तकं असतात जी आपण सगळ्यांबरोबर वाचलेली असतात. मतं वेगळी आहेत ही या कादंबऱ्यांविरुद्धची तक्रार म्हणून सांगतात लोक, मला तर तेच त्या लावायचं मुख्य कारण वाटतं.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण खरा राग माझा तिकडे जास्त आहे. क्लासिक आहे म्हणजे चांगलीच, नावडली तर खोट तुझ्यात. कुणी ठरवलं क्लासिक? गॅट्सबी 1925 साली आली, फारशी खपली नाही, फिट्झजेराल्ड 1940 मध्ये वारला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती पडून होत्या. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना खिशात मावणारी पुस्तकं वाटली त्यात हिच्या दीड लाखाहून जास्त प्रती गेल्या, आणि पुढं ती शाळाशाळांत पोचली. मेलव्हिलनं मॉबी डिक 1851 मध्ये लिहिली, ती आपटली, त्यानं एकोणीस वर्षं कस्टममध्ये नोकरी केली, 1891 ला गेला, आणि लोकांना ती महान असल्याचा साक्षात्कार 1920 च्या आसपास झाला. म्हणजे तेव्हाचे वाचक सगळे मठ्ठ होते का? की आजचे सगळे शहाणे? यादी ही माणसांनी केलेली असते आणि ती बदलत असते, इतकं मान्य करायला काय जातं. आपण नॉव्हेलला कादंबरी म्हणतो, ते मुळात एका क्लासिकचंच नाव आहे, बाणभट्टानं सातव्या शतकात लिहायला घेतलेलं आणि त्याच्यामागं त्याच्या मुलानं पुरं केलेलं. रोज तोंडात ते नाव आहे, वाचलंय किती जणांनी? (मी नाही. तीनदा सुरू केलंय.)

कालिदासानं हे एका श्लोकात निकालात काढलंय, पुराणमित्येव न साधु सर्वम्, जुनं आहे म्हणून सगळं चांगलं नसतं आणि नवं आहे म्हणून वाईटही नसतं, जाणता माणूस पारखून घेतो आणि मूढाची बुद्धी दुसऱ्याच्या मतामागं चालते. परप्रत्ययनेयबुद्धी असा त्याचा शब्द आहे. आमच्या परीक्षेत नेमकी त्याच बुद्धीला दहापैकी नऊ मिळतात. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनं तर याचा प्रयोगच केला, विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि मत लिहायला सांगितलं, 1929 मध्ये त्याचं पुस्तक आलं. डन, हॉपकिन्स अशा मातब्बरांच्या कवितांची मुलांनी पार सालटी काढली आणि भलत्यांनाच डोक्यावर घेतलं. रिचर्ड्सचा निष्कर्ष, मुलांना वाचता येत नाही. असेलही. पण मला त्यात आणखी एक दिसतं, नाव झाकल्यावरच ही मुलं खरं बोलली. नाव वर असतं तर सगळ्यांनी हॉपकिन्सला साष्टांग नमस्कार घातला असता आणि त्यांना वाचता येत नाही हे कुणाला कळलंही नसतं. खोटी स्तुती ही अज्ञान लपवायची सगळ्यात सोपी जागा आहे, आणि ती शाळाच बांधून देते.

थोरामोठ्यांचं तरी कुठं एकमत होतं? वॉल्टर स्कॉट 1826 मध्ये डायरीत लिहितो की प्राइड अँड प्रेज्युडिस निदान तिसऱ्यांदा वाचली आणि ऑस्टिनबाईंचा हात आपल्याला नाही. बावीस वर्षांनी शार्लट ब्राँटी तीच कादंबरी वाचून पत्रात म्हणते की ही कुंपण घातलेली नीटनेटकी बाग आहे, मोकळी हवा नाही, उघडं रान नाही. दोघंही कसलेले लेखक. आता आमच्या परीक्षकानं ब्राँटीला किती मार्क दिले असते? पण तिचा आक्षेप नुसता ‘बोअर आहे’ असा नाहीये, तिनं कशाची उणीव वाटते ते बोट ठेवून सांगितलंय, आणि ते वाचल्यावर ऑस्टिनची चाहती बाईसुद्धा क्षणभर थांबते की हो, हवा कमीच आहे खरी, पण मग ते कुंपण मुद्दाम घातलंय का? तिथून खरी चर्चा सुरू होते.

याच्याही पुढचा आक्षेप आहे तो चवीचा नाही, अन्यायाचा आहे, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. काही क्लासिक कादंबऱ्यांत माणसांच्या अख्ख्या समूहाला माणूस म्हणून जागाच नसते, अशी कादंबरी मुलांना आदर्श म्हणून का द्यायची? नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेनं 1975 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या भाषणात कॉनराडच्या हार्ट ऑफ डार्कनेस या कादंबरीबद्दल हेच विचारलं, कॉनराडला सरळ वंशद्वेष्टा म्हटलं, आणि त्यातल्या आफ्रिकन माणसांना बोलायला भाषाच कशी दिलेली नाही हे वाक्यं काढून काढून दाखवलं. आजही त्या भाषणावर वाद चालू आहे. पण बघा ना, हे करायला अचेबेला ती कादंबरी किती बारकाईनं वाचावी लागली असेल. आणि त्याची स्वतःची थिंग्ज फॉल अपार्ट, 1958 ची, आज कितीतरी देशांत शाळा-कॉलेजात लावलेली असते. ‘आदर्श म्हणून’ हे शब्द खोडले तर अर्धा प्रश्न सुटतो. पुस्तक लावणं म्हणजे त्याची आरती करणं हे कुणी सांगितलं? मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनला 1885 मध्ये अमेरिकेतल्या काँकॉर्डच्या लायब्ररीनं हाकललं कारण तो पोरगा गावंढळ आणि असभ्य, पुढं विसाव्या शतकात त्याच पुस्तकावर काळ्या माणसांसाठी वापरलेल्या त्या घाणेरड्या शब्दावरून आक्षेप आले. काढणाऱ्यांची कारणं उलटीपालटी झाली, मधल्यामध्ये वाचायचं राहून गेलं. मात्र एक कबूल, वर्गात ज्या मुलाकडे तो शब्द वाचताना सगळे वळून बघतात त्याचं ओझं बाकीच्यांना कळत नाही, आणि शिक्षकाला ते सांभाळता येत नसेल तर त्यानं ते पुस्तक त्या वर्गात घेऊ नये. इथं माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

राहिला ‘मोठेपणी कळेल’ हा युक्तिवाद. मला तो मनापासून आवडत नाही, जरी माझ्या बाबतीत तो खरा ठरलेला दिसतो. जो लोहार लंडनला पिपकडे येतो तेव्हा त्याला टोपी कुठं ठेवावी कळत नाही, तो ती चूलखणाच्या कडेवर ठेवतो आणि ती सारखी पडते, हा धावून झेलतो, परत ठेवतो, परत पडते. नववीत मी यावर खदखदून हसलो होतो. कॉलेजात असताना एकदा माझे वडील न कळवता हॉस्टेलवर आले, मी त्यांना खोलीवर नेलं नाही, गेटपाशीच बोललो, पार्टनर झोपलाय म्हणालो. पार्टनर घरी गेलेला होता. नंतर ते टोपीचं पान वाचलं तेव्हा मला पुस्तक मिटावं लागलं. आता लोक म्हणतात बघ, तेव्हा कळलं नव्हतं! पण टोपी खरंच विनोदी आहे हो. डिकन्सनं ती हसवायलाच पाडलीये, पुन्हा पुन्हा. पंधराव्या वर्षी मी जे वाचलं ते पुस्तकातच होतं, पस्तिशीत वाचलं तेही पुस्तकातच होतं, आणि पहिलं चूक ठरवून दुसरं बरोबर मानायचं काही कारण मला दिसत नाही. ‘मोठेपणी कळेल’ म्हणणारा माणूस खरं तर मुलाला सांगत असतो की तुझं आजचं वाचन धरायचं नाही. मग त्यानं आज वाचावं तरी कशाला?

यावर शिक्षक विचारतील, आणि विचारायलाच हवं, की मग ज्याचं त्याचं मत असं झालं तर पेपर तपासायचा कसा. लुईझ रोझेनब्लाट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1938 मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलंय, की अर्थ हा वाचक आणि मजकूर यांच्यात घडतो, पण म्हणून वाटेल तो अर्थ चालत नाही, पानावर जे आहे त्याला तो धरून असला पाहिजे. म्हणजे ‘पिप कृतघ्न आहे’ याला मार्क, कारण प्रसंग दाखवता येतो, ‘पिप बावळट आहे, पुस्तक फालतू आहे’ याला शून्य, कारण दाखवता काहीच येत नाही, आणि ‘पिप संवेदनशील, महत्त्वाकांक्षी, प्रेमळ’ यालाही पुरावा नसेल तर शून्यच. हे तिसरं शून्य द्यायची हिंमत आहे का, खरा प्रश्न तो आहे. साठ पेपर असे तपासायला वेळ लागतो, गाईडमधलं उत्तर डोळे मिटून तपासता येतं, ही अडचण खरी आहे आणि ती शिक्षकांच्या आळसाची नाही, त्यांच्यावर लादलेल्या संख्येची आहे. मग दहा प्रश्नांऐवजी दोन विचारा.

आणि प्रश्न सापडतात. ग्रेट एक्स्पेक्टेशन्सचाच घ्या. ती 1860-61 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः येत होती, डिकन्सनं शेवट लिहिला होता तो असा, की पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती एस्टेला लंडनच्या रस्त्यावर ओझरते भेटतात, तिचं दुसरं लग्न झालेलं असतं, आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. बुल्वर-लिटन या लेखकमित्रानं प्रुफं वाचली आणि म्हणाला हे बदल, मग डिकन्सनं दुसरा शेवट लिहिला, एस्टेला जिथं वाढली त्या पडक्या वाड्याच्या बागेत दोघं हातात हात घालून निघतात. पहिला शेवट लोकांना कळला तो डिकन्स गेल्यावर, त्याचा मित्र फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून, 1874 मध्ये. तेव्हापासून भांडण चालू आहे कुठला शेवट खरा. जिथं खुद्द लेखकाचं स्वतःशी एकमत नाही तिथं नववीच्या मुलाकडून एकमेव बरोबर उत्तर मागायचं म्हणजे काय?

मी पहिल्या शेवटाच्या बाजूचा. भाचीला यंदा हेच पुस्तक आहे, तिला सांगितलं तर ती म्हणाली, मामा, दोन्ही शेवट खोटे आहेत, तिनं त्याला ओळखसुद्धा दाखवायला नको होती. मी म्हटलं पुस्तकात आधार दाखव. ती आत गेली आणि पुस्तक उघडूनच बाहेर आली, एस्टेला पिपला तोंडावर सांगते की मला हृदय नाही, ते पान. ‘तिनं त्याला स्पष्ट सांगितलंय, यानं ऐकलं नाही, मग शेवटी तिनं का नमायचं?’ मी अजून उत्तर शोधतोय.